मागाहून येणारा गडी : हॉइट विल्हेल्म

अमेरिकेंत बेसबॉलचा खेळ आपल्याकडील क्रिकेटइतकाच लोकांच्या जिव्हाळ्याचा आहे. त्या खेळांत चेंडू फेकणाऱ्या गड्यास ‘पिचर’ म्हणतात. क्रिकेटमधील गोलंदाज आणि हा पिचर यांच्यांत एक मोठा भेद आहे, आणि तो ध्यानांत घेतल्यावांचून या चरित्राचें मर्म कळावयाचें नाहीं. गोलंदाज आपल्या षटकापुरता चेंडू टाकतो, मग दुसरा टाकतो. पहिला थोडा विसावा घेऊन पुन्हां येऊं शकतो. पिचर मात्र एकदां मैदानाच्या मध्यावरील मातीच्या उंचवट्यावर उभा राहिला कीं आपल्या बाजूचा प्रत्येक चेंडू त्यानेंच फेकावयाचा. नऊ डावांच्या सामन्यांत असे शंभर-सव्वाशें चेंडू सहज होतात. हात थकला, किंवा प्रतिपक्षाचे फलंदाज त्याचे चेंडू ओळखूं लागले, म्हणजे संघाचा व्यवस्थापक उठून उंचवट्यापर्यंत चालत जातो, त्याच्या हातांतून चेंडू काढून घेतो आणि दुसऱ्यास बोलावतो. अशा रीतीनें सामन्यांतून काढलेल्या गड्यास त्या दिवशीं पुन्हां खेळतां येत नाहीं. हा जो दुसरा, मागाहून येणारा, त्याचें नांव ‘रिलीफ पिचर’.

या गड्याची वाट पाहण्याची जागा मैदानाच्या एका कडेस असते. तिला ‘बुलपेन’ म्हणजे बैलांचा कोंडवाडा म्हणतात, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हें नांव अगदींच शोभण्यासारखें होतें. संघांतील जे उत्तम पिचर त्यांच्याकडे सामन्याचा आरंभ सोंपविला जाई. ज्यांचा हात उतरला, ज्यांचें वय झालें, किंवा ज्यांच्यावर व्यवस्थापकाचा पुरता भरंवसा नाहीं, ते या कोंडवाड्यांत बसत. सामना जिंकला तर लोक पहिल्याचें कौतुक करीत. हरला तर बोट मागाहून आलेल्याकडे वळे. त्याच्या कामाची नोंद ठेवण्याचीहि नीट सोय नव्हती. जिंकत आलेला सामना शेवटपर्यंत राखून दाखविणें यास ‘सेव्ह’ म्हणतात. हा आंकडा अधिकृत दप्तरांत १९६९ सालापासून मोजला जाऊं लागला. तत्पूर्वीं ज्यांनीं असे सामने राखले त्यांचा हिशेब पुढें जुनीं कागदपत्रें चाळून मांडावा लागला. वॉशिंग्टनच्या फर्पो मारबेरीसारखा एखादा गडी १९२४ च्या सुमारास या कामांत चमकला. न्यूयॉर्कच्या जो पेजनें १९४७ व १९४९ सालीं नांव मिळविलें. फिलाडेल्फियाचा जिम कॉन्स्टँटी तर १९५० सालीं आपल्या लीगमधील सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. परंतु हीं सारीं एकेकट्यांचीं उदाहरणें. या कामांत सारें आयुष्य घालवून थोरपण मिळवितां येईल असें फारसें कोणास वाटत नव्हतें. तें ज्यानें मिळवून दाखविलें तो जेम्स हॉइट विल्हेल्म.

विल्हेल्मचा जन्म २६ जुलै १९२२ रोजीं नॉर्थ कॅरोलायना संस्थानांतील हंटर्सव्हिल येथें झाला. बाप दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारें कूळ, आणि घरांत मुलें अकरा. जवळच्या कॉर्नेलियस गांवच्या शाळेच्या संघांत तो पिचर होता. पण त्याच्या चेंडूला वेग नव्हता, आणि पुढें तो येईल असें चिन्हहि नव्हतें. अशा वेळीं मुलें बहुधा तो नाद सोडतात. विल्हेल्मनें वर्तमानपत्रांत डच लेनर्ड या त्या काळच्या नामांकित पिचरविषयींचा मजकूर वाचला, तो आपला चेंडू बोटांत कसा धरतो याचें चित्र पाहिलें, आणि टेनिसचा चेंडू हातीं घेऊन तसाच धरून फेकूं लागला. वर्तमानपत्रांतील एका चित्रावरून घेतलेली ही विद्या त्यास पुढें तीस वर्षें पुरली.

या चेंडूस ‘नकल-बॉल’ म्हणतात. नांवावरून तो बोटांच्या सांध्यांनीं धरीत असतील असें वाटेल. परंतु विल्हेल्मची पद्धति चेंडूवर बोटांचीं टोकें आणि नखें रोंवून धरण्याची होती. इतर पिचरांची, आणि आपल्याकडील फिरकी गोलंदाजांचीहि, पुष्कळशी विद्या चेंडूस फिरकी देण्यांत असते. येथें सारी विद्या फिरकी न देण्यांत आहे. चेंडू हातांतून सुटतांना मनगट ताठ ठेवावयाचें आणि तो जणूं पुढें ढकलून द्यावयाचा. तो असा कीं, फलंदाजापर्यंतच्या साठ फूट सहा इंचांच्या अंतरांत त्यानें स्वतःभोंवतीं फार तर एखाद-दुसरा फेरा घ्यावा. बेसबॉलच्या चेंडूवर लाल दोऱ्याची उठून दिसणारी शिवण असते. चेंडू जोरानें फिरत असेल तर ती शिवण सर्व बाजूंस सारखी येत जाते आणि चेंडूच्या वाटेला एक ठराविक वळण लागतें. न फिरणाऱ्या चेंडूची गोष्ट निराळी. ज्या बाजूस शिवण असेल त्या बाजूचा वारा वेगळ्या रीतीनें वाहतो. चेंडू किंचित् वळला कीं ती बाजू बदलते. आणि त्यामुळें चेंडू कधीं डावीकडे सरकतो, कधीं उजवीकडे, कधीं फलंदाजाच्या पुढ्यांत आल्यावर एकाएकीं खालीं बसतो. तो कोठें जाणार हें फलंदाजास कळत नाहीं, झेलणाऱ्यास कळत नाहीं आणि फेकणाऱ्यासहि नक्की सांगतां येत नाहीं. वेगवान् पिचरचा चेंडू ताशीं नव्वद मैलांच्या आसपास येतो. हा साठ-सत्तर मैलांनीं, पिंपळाचें पान वाऱ्यावर यावें तसा डुलत येतो. अशा फेंकीनें खांद्याला व कोपराला ताण कमी पडतो, ही गोष्ट पुढें विल्हेल्मच्या फार उपयोगी पडावयाची होती.

१९४२ सालीं मूर्सव्हिल या गांवच्या व्यावसायिक संघांत तो दाखल झाला. हा संघ धंदेवाईक बेसबॉलच्या अगदीं खालच्या, ‘डी’ वर्गांतला. एक हंगाम होतो न होतो तों लष्कराचें बोलावणें आलें, आणि पुढचे तीन हंगाम गेले. १९४४ च्या डिसेंबरांत जर्मन सैन्यानें आर्डेनच्या अरण्यांतून बेल्जम व लक्झेंबर्ग या देशांत जो अखेरचा मोठा हल्ला चढविला, त्या लढाईंत विल्हेल्म होता. तोफगोळ्याच्या कपच्या लागून तो जखमी झाला. जखमी सैनिकांस मिळणारें ‘पर्पल हार्ट’ हें पदक त्यास मिळालें, स्टाफ सार्जंटच्या हुद्द्यापर्यंत तो चढला, आणि लोखंडाची एक कपची पाठींत तशीच राहून गेली. पुढील सारा खेळ तो ती कपची पाठींत घेऊनच खेळला. पाठ पिळवटून चेंडू फेकणें हाच ज्याचा रोजचा धंदा, त्याच्या बाबतींत ही साधी गोष्ट नव्हे. परंतु तिचें भांडवल करून सहानुभूति मागण्याचा या मितभाषी गृहस्थाचा स्वभाव नव्हता.

युद्ध संपल्यावर तो पुन्हां मूर्सव्हिललाच परतला. १९४६ व १९४७ या दोन हंगामांत मिळून त्यानें चाळीसांहून अधिक सामने जिंकून दिले. एवढें करूनहि वरच्या संघांचीं दारें चटकन् उघडलीं नाहींत. संघांचे पारखी गांवोगांव हिंडत आणि पहिली गोष्ट पाहत ती चेंडूचा वेग. नकल-बॉल हा उताराला लागलेल्या पिचरांचा शेवटचा आसरा, तरुणाचें तें शस्त्र नव्हे, असा समज रूढ होता. न्यूयॉर्क जायंट्स या मोठ्या संघानें त्याला आपल्याकडे घेतलें खरें. पण खालच्या वर्गांच्या संघांतून चार वर्षें फिरविलें, त्यांतलीं शेवटचीं दोन मिनियापोलिसला. बाविसावें-तेविसावें वर्ष ज्या खेळांत उमेदीचें मानतात, त्या खेळांत एकोणतिसावें वर्ष लागलें तरी हा अद्याप उंबरठ्याबाहेरच होता. लढाईनें त्याचीं तीन वर्षें घेतलीं. उरलेलीं वर्षें पारख्यांच्या समजुतीनें घेतलीं असें म्हणावें लागतें.

१९५२ सालीं जायंट्सचा व्यवस्थापक लिओ ड्यूरोशर यानें त्यास अखेर मुख्य संघांत घेतलें. १८ एप्रिल रोजीं तो पहिला सामना खेळला. पांच दिवसांनीं बोस्टनच्या संघाविरुद्ध त्यास पहिल्यानेंच बॅट हातीं घेण्याचा प्रसंग आला, आणि त्यानें चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावला. पहिल्याच खेपेस होम रन ! त्यानंतर तो एकवीस हंगाम खेळला. फलंदाज म्हणून त्याच्या खेपांची गणती ४३२ भरली. टोले यशस्वी झाले अवघे ३८, आणि दुसरा होम रन त्याच्या हातून कधींच झाला नाहीं. दैवाच्या मनांत काय असतें कोण जाणे ! असो. खरी नवलाची गोष्ट त्याच्या चेंडूची होती. त्या हंगामांत ७१ सामन्यांत तो खेळला, ते सर्वच्या सर्व मागाहून येऊन. पंधरा जिंकले, तीन गमावले, आणि दर नऊ डावांमागें त्याच्यावर झालेल्या धावांची सरासरी पडली २.४३. नॅशनल लीगमध्यें सरासरीचें अग्रस्थान त्या सालीं त्यालाच मिळालें. नव्या खेळाडूंसाठीं असलेला मान मात्र ब्रुकलिनच्या जो ब्लॅकला मिळाला. विल्हेल्म दुसरा आला. आणि गंमत अशी कीं, ब्लॅकहि त्या सालीं बहुतेक सामन्यांत मागाहूनच येणारा पिचर होता.

१९५४ सालीं जायंट्सनीं वर्ल्ड सिरीझमध्यें क्लीव्हलंडला ओळीनें चार सामन्यांत हरविलें. विल्हेल्मनें त्या हंगामांत बारा सामने जिंकले होते. तरीहि व्यवस्थापकांच्या मनांत त्याच्याविषयीं एक धास्ती कायम राहिली, आणि ती निराधार नव्हती. पिचरचा चेंडू फलंदाजामागें बसलेल्या कॅचरच्या हातांतून निसटला तर मैदानांतील धांवपटू पुढें सरकतो. त्याच वर्षीं १० सप्टेंबर रोजीं रे कॅट नांवाच्या कॅचरकडून विल्हेल्मचे चार चेंडू एका डावांत सुटले, आणि तो एक नकोसा विक्रम झाला. आतां रिलीफ पिचर बोलावतात तो कोणत्या प्रसंगीं ? मैदानावर प्रतिपक्षाचे दोन-तीन गडी धांवण्यास टपलेले, आघाडी एका धावेची, आणि सुटलेला एक चेंडू म्हणजे सामना गमावल्यासारखाच. अशा घटकेला, स्वतः फेकणाऱ्यासहि ज्याचा भरंवसा देतां येत नाहीं असा चेंडू फेकण्यास एखाद्यास पाठवावयाचें, यास व्यवस्थापकाचें काळीजच हवें. विल्हेल्मचें वैशिष्ट्य असें कीं, हा लहरी चेंडू तो वारंवार आणि पुरेसा नेमका फेकूं शके.

पण सर्वच व्यवस्थापकांचें काळीज तसें नसतें. १९५७ सालीं जायंट्सनीं त्यास सेंट लुइसला दिलें. तें वर्ष सरण्यापूर्वींच तो क्लीव्हलंडला गेला. आणि १९५८ च्या ऑगस्टांत क्लीव्हलंडनेंहि त्यास सोडून दिलें. तेव्हां त्याचें छत्तिसावें वर्ष उलटलें होतें. बाल्टिमोरचा व्यवस्थापक पॉल रिचर्ड्स यानें त्यास घेतलें, आणि मागाहून पाठविण्याऐवजीं सामन्याच्या आरंभालाच उभें केलें. २० सप्टेंबर १९५८. समोर न्यूयॉर्क यांकीज, त्या सालचे जगज्जेते ठरणारे. त्यांच्या बाजूनें आरंभीं चेंडू फेकीत होता डॉन लार्सन, ज्यानें दोनच वर्षांपूर्वीं वर्ल्ड सिरीझमध्यें एकाहि प्रतिस्पर्ध्यास बेसवर पाय ठेवूं न देण्याचा अपूर्व पराक्रम केला होता. आकाशांतून पावसाची भुरभुर चालली होती. नऊ डाव संपले तेव्हां यांकीजच्या एकाहि फलंदाजास विल्हेल्मच्या चेंडूवर यशस्वी टोला मारतां आलेला नव्हता. बाल्टिमोरनें सामना एका धावेनें जिंकला, आणि ती एकुलती एक धाव गस ट्रायँडॉसच्या होम रनची. हाच ट्रायँडॉस त्या दिवशीं विल्हेल्मचे चेंडू झेलण्यासहि बसला होता.

पुढच्या, १९५९ च्या, हंगामांत २.१९ च्या सरासरीनें विल्हेल्म अमेरिकन लीगमध्यें पहिला आला. सात वर्षांपूर्वीं एका लीगमध्यें मागाहून येऊन, आतां दुसऱ्या लीगमध्यें बहुधा आरंभापासून फेकून, दोन्हीकडे अग्रस्थान ! कॅचर लोकांची मात्र त्या वर्षीं पुरती दैना झाली. बाल्टिमोरच्या कॅचरांकडून त्या एका हंगामांत ४९ चेंडू सुटले. रिचर्ड्स हा कल्पक मनुष्य होता. १९६० सालीं त्यानें कॅचरसाठीं नेहमींपेक्षां पुष्कळ मोठा, सुपासारखा हातमोजा करवून घेतला. तो घालून चेंडू अडे, पण मोज्यांतून काढून फेकावयास वेळ लागे. पुढें या मोज्यांच्या घेरावर ३८ इंचांची मर्यादा घालणारा नियमच करण्यांत आला. एका माणसाच्या चेंडूसाठीं नवें साधन निघावें आणि त्या साधनासाठीं नवा नियम व्हावा, असा योग खेळाच्या इतिहासांत क्वचित् येतो.

१९६० पासून तो पुन्हां मुख्यतः बुलपेनमध्यें बसूं लागला. कित्येकांनीं यांत उतार पाहिला असेल. पण त्याची खरी कमाई यानंतरचीच आहे. १९६३ सालीं त्याची रवानगी शिकागो व्हाइट सॉक्सकडे झाली, तेव्हां वय चाळिशी ओलांडलेलें. १९६४ मध्यें १.९९, मग १.८१, १.६६, १.३१ आणि १९६८ मध्यें १.७३, अशा या पांच वर्षांच्या सरासऱ्या आहेत. बेचाळिसाव्या वर्षापासून शेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत लागोपाठ पांच हंगाम ज्यावर नऊ डावांमागें दोन धावाहि पडल्या नाहींत, अशा या माणसास दहा वर्षांपूर्वीं दोन संघांनीं नको म्हणून दुसऱ्याच्या हवालीं केलें होतें.

शिकागोला असतांना त्याच्या हातून आणखी एक काम झालें. १९६७ सालीं विल्बर वुड नांवाचा एक डावखुरा पिचर त्या संघांत आला. त्याला नकल-बॉल ठाऊक होता, पण तो इतर चेंडूंच्या जोडीस मधूनमधून वापरी. विल्हेल्मनें त्यास सल्ला दिला कीं, फेकावयाचा तर हाच फेक, बाकीचे सोडून दे. वुडनें तें मानलें आणि दुसऱ्याच वर्षीं तो ८८ सामन्यांत खेळला. एका हंगामांत इतके सामने तोंपर्यंत कोणी पिचर खेळला नव्हता. आपल्याच संघांतील आपली जागा ज्यास मिळूं शकेल, त्यास आपली विद्या हातची न राखतां देणारीं माणसें धंदेवाईक जगांत विरळाच.

२४ जुलै १९६८ रोजीं विल्हेल्म आपला ९०७ वा सामना खेळला. साय यंग या प्राचीन महारथीचा ९०६ सामन्यांचा विक्रम, जो १९११ पासून अबाधित होता, तो त्या दिवशीं मोडला. यानंतरचीं वर्षें फिरतीचीं. कॅन्सस सिटीच्या नव्या संघानें त्यास निवडलें, पण तेथें एकहि सामना न खेळतां तो कॅलिफोर्नियास गेला, तेथून अटलांटास, मध्यें थोडे दिवस शिकागोच्या दुसऱ्या संघांत, पुन्हां अटलांटा, आणि शेवटीं लॉस एंजलिस. १९७० च्या मे महिन्यांत तो एक हजारावा सामना खेळला. हा पल्ला गांठणारा तो पहिलाच पिचर. त्याच वर्षीं लीगच्या निवडक संघांतहि त्याचें नांव आलें. १० जुलै १९७२ रोजीं त्याचा शेवटचा सामना झाला, आणि त्याच महिन्यांत लॉस एंजलिसनें त्यास मोकळें केलें. एकूण सामने १०७०, विजय १४३, पराभव १२२, सरासरी २.५२. विजयांपैकीं सव्वाशेंच्या घरांतील विजय मागाहून येऊन मिळविलेले. १०७० सामन्यांचा हा आंकडा १९९८ पर्यंत कोणा पिचरास ओलांडतां आला नाहीं.

आतां प्रश्न मानाचा होता. न्यूयॉर्क संस्थानांतील कूपर्सटाउन येथें बेसबॉलचें एक स्मारकमंदिर आहे. त्यास ‘हॉल ऑफ फेम’ म्हणतात. थोर खेळाडूंच्या तसबिरी ब्राँझच्या पत्र्यावर कोरून तेथें लावतात. निवड क्रीडा-वार्ताहरांच्या मतांनीं होते, आणि त्यासाठीं शेंकडा पंचाहत्तर मतें पडावीं लागतात. विल्हेल्मचें नांव १९७८ पासून मतांस जात होतें. त्या मंदिरांत ज्याचें मुख्य काम मागाहून येण्याचें असा एकहि पिचर तोंपर्यंत नव्हता. जो सामन्यांत दोन-तीन डावच फेकतो, त्यास नऊ-नऊ डाव फेकणाऱ्यांच्या पंक्तीस बसवावें कीं नाहीं, हा खरा वाद. वाद खोटा नव्हता. परंतु त्यांत एक गोष्ट निसटत होती. नऊ डाव फेकणारा चार-पांच दिवसांनीं एकदां येतो, आणि त्याचा आरंभ नेहमीं कोऱ्या पाटीवर होतो. मागाहून येणारा रोज तयार बसतो आणि दुसऱ्यानें करून ठेवलेल्या घोटाळ्यांत पाय घालतो. हें काम हलकें म्हणणारांनीं तें काम करणाऱ्याचे हिशेबच कधीं नीट मांडलेले नव्हते. सात वेळां त्यास मतें कमी पडलीं. १९८४ सालीं तर अगदीं थोडक्यांत हुकलें. आठव्या खेपेस, १९८५ मध्यें, तो निवडून आला. त्यानें उघडलेल्या वाटेनें पुढें रॉली फिंगर्स, ब्रूस सटर आदि आले. आणि २०१९ सालीं मारियानो रिव्हेरा हा रिलीफ पिचर त्या मंदिरांत आला तो एकूणएक वार्ताहरांच्या मतांनीं. असें एकमत तत्पूर्वीं कोणत्याहि खेळाडूच्या वांट्यास आलें नव्हतें.

खेळ सोडल्यावर विल्हेल्मनें कांहीं काळ लहान संघांचें व्यवस्थापन पाहिलें, आणि मग बरींच वर्षें यांकीजच्या खालच्या संघांतील तरुण पिचरांना शिकविलें. तेच यांकीज, ज्यांच्या फलंदाजांना त्यानें एका पावसाळी दुपारीं नामोहरम केलें होतें. २३ ऑगस्ट २००२ रोजीं फ्लॉरिडांतील सॅरासोटा येथें तो मरण पावला. त्याच्या खेळण्याच्या काळांत नोंदपुस्तकांतून त्याचें जन्मवर्ष १९२३ असें छापलें जात असे. खरें वर्ष १९२२ असल्याचें मागाहून निश्चित झालें. म्हणजे १९७२ च्या त्या जुलैंत त्यानें शेवटचा चेंडू फेकला, तेव्हां लोकांच्या समजुतीप्रमाणें तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. प्रत्यक्षांत त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाला सोळा दिवस उरले होते.